एका नकोशा अल्बमची कैफियत

२६ जानेवारी १९७६ या दिवशी बीटल्सचा ईएमआय कंपनीशी असलेला करार संपला. बँड मोडून तोवर सहा वर्षं होत आली होती. चौघांची तोंडं चार दिशांना होती आणि आपसातलं बोलणं बरंचसं वकिलांमार्फत चालायचं. करार संपला तशी नवं काही हाती लागण्याची कंपनीची आशाही संपली. पण कपाटातल्या जुन्या टेप कंपनीच्याच होत्या, आणि त्या कोणत्या क्रमाने, कोणत्या वेष्टणात विकायच्या यासाठी चौघांची मर्जी सांभाळण्याची गरज आता उरली नव्हती.

कंपनीने वेळ दवडला नाही. मार्चमध्ये इंग्लंडात जुन्या सिंगल्स एकगठ्ठा पुन्हा दुकानांत आल्या. जूनमध्ये ‘रॉक अँड रोल म्युझिक’ हा दोन तबकड्यांचा संग्रह आला. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘लव्ह साँग्ज’ आला. प्रेमगीतं सगळी एका जागी, नाताळात भेट द्यायला सोयीची. या दोन संग्रहांच्या मधे, मे १९७७ मध्ये, ‘द बीटल्स अ‍ॅट द हॉलिवूड बोल’ नावाचा अल्बम बाहेर पडला. १९६४ आणि १९६५ च्या लॉस एंजलिसमधल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण. तेरा गाणी, जेमतेम तेहेतीस मिनिटं, आणि त्यात एका क्षणाचीही शांतता नाही, कारण सतरा-अठरा हजार पोरंपोरी अखंड किंचाळतायत.

अल्बम आपटला असं मात्र नाही. इंग्लंडात तो पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत दुसऱ्या. बीटल्सचं नाव छापलेलं काहीही तेव्हा खपलंच असतं म्हणा. दुर्लक्ष झालं ते नंतर. १९८७ पासून बीटल्सचे अल्बम सीडीवर येऊ लागले, त्या यादीत हा नव्हता. २००९ मध्ये सगळा खजिना नव्याने घासूनपुसून आला, त्यातही नव्हता. एका बड्या घराण्याच्या वंशावळीतून एखादं नाव गाळावं तसा तो गाळला गेला. बँडच्या चाहत्यांमध्येही त्याचं नाव निघालं की एक ठरलेली प्रतिक्रिया ऐकू यायची: हां, तो किंकाळ्यांचा अल्बम, पैशासाठी काढलेला.

पैशासाठी काढलेला होता हे खरंच आहे. माझं म्हणणं इतकंच की तो दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी निघूच शकला नसता, आणि निघाला हे फार बरं झालं.

आधी मूळ ध्वनिमुद्रणाची गोष्ट. कॅपिटॉल ही ईएमआयची अमेरिकेतली कंपनी. १९६३ मध्ये बीटल्सची गाणी अमेरिकेत विकायला हिनेच पुन्हा पुन्हा नकार दिला होता. १९६४ च्या सुरुवातीला तीच गाणी अमेरिकेत वणव्यासारखी पसरली तेव्हा हीच कंपनी सगळ्यात घाईत होती. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा बेत होता, पण वादकांच्या संघटनेने परवानगी नाकारली. मग ऑगस्टची वाट पाहिली गेली. २३ ऑगस्ट १९६४ रोजी हॉलिवूड बोल या टेकडीच्या कुशीतल्या खुल्या रंगमंचाशी कॅपिटॉलची यंत्रं जोडली गेली.

ही यंत्रं तीन ट्रॅकची होती. आज घरात बसून गाणारा पोरगासुद्धा ढोलाच्या एकेका तुकड्याला वेगळा ट्रॅक देतो. इथे चार माणसं, तीन गिटारी, एक ड्रमसेट, चौघांचेही आवाज आणि अख्खा जनसमुदाय, सगळं मिळून तीन कप्प्यांत बसवायचं होतं. त्यातही प्रेक्षकांना स्वतःचा कप्पा द्यायची गरजच नव्हती. ते तिन्हींत आपण होऊन शिरलेले होते.

मंचावरची अवस्था याहून बिकट होती. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी तोंड करून ठेवलेले स्पीकर, ज्याला आज कोपऱ्यावरच्या गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रावालासुद्धा ‘मॉनिटर दे रे’ म्हणून ओरडून मागतो, ते तिथे नव्हते. म्हणजे पॉल मॅकार्टनी आणि जॉन लेनन दोन सुरांत गात होते, पण आपला सूर कुठे लागतोय आणि दुसऱ्याचा कुठे, हे दोघांनाही नीट कळत नव्हतं. मागे बसलेल्या रिंगो स्टारला तर पुढच्या तिघांच्या पाठी आणि त्यांचं हलणं एवढंच दिसायचं. त्यावरून गाणं कुठवर आलंय ते ताडून तो वाजवायचा. असं आंधळ्या कोशिंबिरीसारखं वाजवूनही गाणी एकसंध राहिली.

बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांना हा प्रकार मुळातच पसंत नव्हता. ते स्टुडिओतले कसबी कारागीर. किंकाळ्यांनी भरलेल्या टेप ऐकून यात प्रकाशित करण्याजोगं काही नाही असं त्यांचं मत झालं. कॅपिटॉलने त्या वर्षअखेरीच्या ‘द बीटल्स स्टोरी’ या माहितीपर अल्बममध्ये एका गाण्याचा मिनिटभराहूनही लहान तुकडा वापरला आणि बाकीचं कपाटात गेलं. पुढच्या वर्षी, २९ आणि ३० ऑगस्ट १९६५ ला, पुन्हा प्रयत्न झाला. २९ तारखेला पॉलचा माइकच सुरुवातीची काही गाणी बंद राहिला. पुन्हा कपाट.

त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांपुढे झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं होतं. टीव्हीसाठी त्याचा चित्रपट करायचा ठरला तेव्हा आवाज निकृष्ट वाटला. म्हणून जानेवारी १९६६ मध्ये चौघांना लंडनच्या एका स्टुडिओत बोलावून काही भाग पुन्हा गाऊन-वाजवून घेतला गेला आणि मुकाट्याने चित्रावर चिकटवला. एका गाण्याला तर सरळ बाजारातली तबकडीच जोडली. लोकांनी तो चित्रपट ‘प्रत्यक्ष कार्यक्रम’ म्हणूनच पाहिला. हॉलिवूड बोलच्या टेपवर असलं कलम झालं नाही. त्यांच्यावर तेवढा खर्च करावा असंही कुणाला वाटलं नाही, आणि त्या उपेक्षेनेच त्यांचं खरेपण टिकवलं.

एवढ्या प्रचंड लोकप्रियतेच्या काळात बीटल्सचा एकही पुरता लाइव्ह अल्बम निघाला नाही याचं आज नवल वाटतं. त्यांना तो नको होता. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी शेवटचा जाहीर दौऱ्यातला कार्यक्रम केला आणि स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. ‘सार्जंट पेपर’ हा स्टुडिओत घडवलेला अल्बम करणाऱ्या माणसांना हॉलिवूड बोलच्या टेप म्हणजे शाळेतल्या स्नेहसंमेलनाचे फोटो वाटले असणार. मधे १९७१ मध्ये फिल स्पेक्टर या निर्मात्याकडेही त्या टेप दिल्या गेल्या होत्या. त्यातूनही काही निघालं नाही.

मग १९७७ मध्येच का?

त्यासाठी त्या दशकातला लाइव्ह अल्बम नावाचा व्यवहार समजून घ्यायला हवा. रसिक कल्पना अशी की एखादा कार्यक्रम असा काही रंगतो की तो जतन केल्याशिवाय राहवत नाही, आणि मग अल्बम निघतो. प्रत्यक्षात असं क्वचित होतं. ग्रेटफुल डेड या बँडवर स्टुडिओच्या खर्चामुळे वॉर्नर कंपनीचं कर्ज चढलं होतं. ‘लाइव्ह/डेड’ हा स्वस्तात होणारा अल्बम ते फेडण्याचा एक मार्ग होता. जिमी हेन्ड्रिक्सचा ‘बँड ऑफ जिप्सीज’ एका जुन्या कराराच्या खटल्यातून सुटका करून घ्यायला म्हणून दुसऱ्या कंपनीला दिला गेला. व्हेल्वेट अंडरग्राउंडचा ‘लाइव्ह अ‍ॅट मॅक्सेस कॅन्सस सिटी’ तर एका मैत्रिणीने टेबलावर ठेवलेल्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपलेला. बँडचा मुख्य गायक निघून गेलेला असताना तो बाजारात आला. डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ जपानी कंपनीच्या आग्रहाखातर झाला आणि बँडला तो जपानबाहेर जावा असंही विशेष वाटत नव्हतं.

यातले दोन-तीन अल्बम आज अभिजात मानले जातात. कारण कर्ज होतं म्हणून कुणी ‘लाइव्ह/डेड’ कमी आवडीने ऐकत नाही. मग बीटल्सच्या अल्बमलाच ‘पैशासाठी काढलेला’ हे दूषण चिकटावं, याचं मला हसू येतं. रॉकच्या चाहत्यांना आपल्या दैवतांबद्दल एक सोवळेपणा असतो. दुय्यम बँडने व्यवहार केला तर तो धूर्तपणा, बीटल्सच्या नावाने केला तर विटाळ.

१९७६ हे तर लाइव्ह अल्बमच्या बाजाराचं सोन्याचं वर्ष. पीटर फ्रॅम्प्टन हा तोवर बेताचा यशस्वी गिटारवादक ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!’ या दुहेरी अल्बममुळे अमेरिकेत घरोघरी पोहोचला. आदल्या वर्षी ‘किस’ बँडच्या ‘अलाइव्ह!’ने त्यांच्या बुडू लागलेल्या कंपनीला हात दिला होता. १९७६ च्या डिसेंबरात खुद्द मॅकार्टनीच्या ‘विंग्ज’ या बँडचा ‘विंग्ज ओव्हर अमेरिका’ हा तीन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी बिल सार्जंट नावाच्या एका कार्यक्रम-आयोजकाने बीटल्सनी एकदाच एकत्र यावं म्हणून पाच कोटी डॉलरचा देकार दिला होता. चौघे एकत्र येत नव्हते. त्यांच्या एकत्र गाण्याची भूक मात्र बाजारात उघड दिसत होती. आणि तिकडे कॅपिटॉलच्या कपाटात ते एकत्र गात होते.

इथे आपल्या बाजूचा एक माणूस या गोष्टीत येतो. कॅपिटॉलचे तेव्हाचे अध्यक्ष भास्कर मेनन. तिरुवनंतपुरमला जन्मलेले, ऑक्सफर्डला शिकलेले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या एक रुपयाच्या नोटेवर ज्यांची सही होती ते अर्थसचिव के. आर. के. मेनन यांचे हे चिरंजीव. कलकत्त्याच्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियातून, म्हणजे आपल्या एचएमव्हीतून वर चढत ते १९७१ मध्ये तोट्यातल्या कॅपिटॉलच्या प्रमुखपदी बसले. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकेत गाजवण्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो.

बीटल्सशी त्यांचा संबंध जुना होता, आणि तो मुंबईतून जातो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत करायला मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे तेव्हाचे तरुण वादक त्या दिवसांत त्याच्यासाठी वाजवत होते. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो यंत्र होतं. स्टीरिओ यंत्र कलकत्त्याला. मेननसाहेब ते यंत्र स्वतः आगगाडीने मुंबईला घेऊन आले, ही आठवण हॅरिसनने पुढे सांगितली आहे.

त्याच हॅरिसनने तीन वर्षांनी मेनन यांच्यावर जाहीर तोफ डागली. ऑगस्ट १९७१ मध्ये न्यूयॉर्कला हॅरिसन आणि रविशंकर यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम केला. त्याचा अल्बम झटपट निघावा आणि पैसा निर्वासितांपर्यंत जावा अशी इच्छा होती. पण कुणाचा वाटा किती, वितरणाचा खर्च कुणी सोसायचा यात तो महिनोन्‌महिने अडकला. हॅरिसनने अमेरिकन टीव्हीवर बसून मेनन यांचं नाव घेऊन राग काढला. शेवटी डिसेंबरात अल्बम निघाला. इतक्या उदात्त हेतूचा लाइव्ह अल्बम व्यवहाराने अडवून धरला होता. आणि हॉलिवूड बोलचा अल्बम, ज्यामागे उदात्त म्हणावं असं काहीच नव्हतं, तो त्याच माणसाच्या सांगण्याने मार्गी लागला. मेनन खलनायक होते असं मला सुचवायचं नाही. तो कंपनी चालवणारा माणूस होता, कधी यंत्र खांद्यावरून आणणारा, कधी हिशोब मागणारा. दोन्ही त्याच्या कामाचेच भाग.

मेनन यांनी जॉर्ज मार्टिनना सांगितलं, त्या टेप एकदा ऐका, काही होतंय का बघा. मार्टिन नाखुशीनेच तयार झाले. यामागे आणखी एक निकड होती. हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये डिसेंबर १९६२ च्या अखेरीस, म्हणजे जगप्रसिद्ध होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, बीटल्स गात असताना कुणीतरी घरगुती ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर एका माइकने ते टिपलं होतं. त्या टेप आता भलत्याच लोकांच्या हाती पडल्या होत्या आणि त्यांचा दुहेरी अल्बम येऊ घातला होता. बीटल्सनी तो थांबवण्यासाठी कोर्टात धाव घेतली. तेव्हा यश आलं नाही. १९७७ च्या वसंतात स्टार-क्लबचा अल्बम जर्मनीत आला आणि पाठोपाठ हॉलिवूड बोल. दुसऱ्याची चोरटी टेप बाजारात येत असताना आपल्या कपाटातली अधिकृत टेप पडून राहू देणारा कंपनीप्रमुख असेल तर त्याची नोकरी फार दिवस टिकायची नाही.

मार्टिन आणि त्यांचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक कामाला बसले तेव्हा पहिली अडचण यंत्राची. तीन ट्रॅकची यंत्रं एव्हाना अडगळीत गेली होती. शोधून एक चालू अवस्थेतलं मिळालं, पण ते जरा वेळ चाललं की तापायचं, आणि तापलेल्या यंत्रात टेप गेली तर ती वितळून कायमची जायची. मग त्यांनी घरात झाडझूड करायचे व्हॅक्यूम क्लीनर आणले, उलटे लावले आणि त्यांची गार हवा यंत्रावर सोडत टेपवरचा माल अधिक ट्रॅकच्या नव्या टेपवर उतरवून घेतला. एवढ्या श्रीमंत बँडच्या अधिकृत लाइव्ह अल्बमचं बाळंतपण केरवाल्या यंत्राने केलं. त्यानंतर तिन्ही कार्यक्रमांतून बऱ्या उतरलेल्या गाण्यांची निवड झाली: सहा १९६४ ची, सात १९६५ ची. आवाजाचा तोल साधला, कापाकापी केली. नवं वाजवून मात्र काही घातलं नाही.

अल्बमच्या वेष्टणावर मार्टिन यांचं टिपण आहे. त्यात ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचं सांगतात. तिने विचारलं की ते बीटल्स ‘बे सिटी रोलर्स’इतके भारी होते का. त्या वेळच्या शाळकरी पोरींचा तो लाडका बँड. बाप म्हणाला, बहुधा नसतील. आणि वाचकांना सांगितलं की कधीतरी तिचं तिला कळेल. वेष्टणावरचं कारण असं: नव्या पिढीसाठी, इतिहासासाठी. खतावणीतलं कारण वेगळं. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. नाटक कंपनीच्या मालकानेही गल्ल्याकडे बघूनच प्रयोग लावलेले असतात. म्हणून बालगंधर्वांचं गाणं खोटं पडत नाही.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे येतो. या अल्बमविरुद्धची मुख्य तक्रार किंकाळ्यांची. तक्रार करणारे त्या किंकाळ्या म्हणजे रस्त्यावरच्या गोंगाटासारखा, गाण्याशी संबंध नसलेला आवाज समजतात. लक्ष देऊन ऐका. किंकाळी एकसारखी नाही. ती चढते, उतरते, आणि कुठे चढायचं ते तिला नेमकं ठाऊक आहे. ‘शी लव्हज यू’मध्ये दोघे-तिघे माइकशी डोकी हलवत उंच ‘ऊऽ’ लावतात, त्या जागेवर आवाजाची भिंत उभी राहते. ‘ट्विस्ट अँड शाउट’मध्ये एकेक सूर चढत जाणाऱ्या जागेला तेच. ‘थिंग्ज वी सेड टुडे’ हे तसं उदास, मंद चालीचं गाणं. त्यात मधल्या कडव्याला चाल पालटते आणि गिटारी एकदम जोर धरतात, त्या वळणावर प्रेक्षकही वळतात. तेरा-चौदा वर्षांच्या या पोरींना गाण्याचं अंग अन्‌ अंग पाठ होतं. त्या ऐकत नव्हत्या असं त्यांच्यावर साठ वर्षं लिहिलं गेलं. टेप सांगते की त्या फार बारकाईने ऐकत होत्या.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण तिच्यामुळेच हा अल्बम मला इतर बीटल्स अल्बमांपेक्षा वेगळा वाटतो. किंकाळीचा आवाज उंच पट्टीचा. गिटारीची धार, झांजांची चमक, शब्दांतली व्यंजनं या सगळ्यांवर ती पांघरूण घालते. खालच्या पट्टीतला बास आणि ड्रमचे ठोके मात्र तिच्या तावडीतून सुटतात. त्यामुळे स्टुडिओतल्या तबकड्यांत नीटनेटके मागे बसवलेले मॅकार्टनीचा बास आणि रिंगोचे ड्रम इथे गाडी ओढताना ऐकू येतात. ‘बॉईज’मध्ये रिंगो स्वतः गातो आणि गाता गाता असा काही झोडपतो की तो सामान्य वादक असल्याचे विनोद करणाऱ्यांना हे एकच गाणं ऐकवावं. ‘लाँग टॉल सॅली’ला मॅकार्टनीचा गळा फाटतो की काय असं वाटतं. सूर इकडेतिकडे होतात, हो. स्वतःला ऐकू न येता एवढं सुरात राहणारे किती निघतील?

आपल्याकडे हे समजायला कठीण जाऊ नये. पु. लं.च्या ‘बटाट्याच्या चाळी’च्या ध्वनिमुद्रणातून प्रेक्षकांचं हसणं काढून टाकलं तर काय उरेल? संहिता उरेल, प्रयोग जाईल. त्या हशाने पु. लं.च्या थांबण्याची लांबी ठरते, पुढच्या वाक्याचा वेग ठरतो. हॉलिवूड बोलमधल्या किंकाळ्यांनीही गाण्यांचा वेग ठरवला. जवळपास सगळी गाणी तबकडीपेक्षा अधिक घाईत, अंगावर येणारी आहेत.

म्हणूनच मी म्हटलं की हा अल्बम व्यवहाराखेरीज निघाला नसता. कलावंताच्या नजरेतून पाहिलं तर ही त्यांची कृती नव्हतीच. अर्धी त्या पोरींची होती. निर्मात्याच्या नजरेतून ती सदोष. चौघांना विचारलं असतं तर टेप आजही कपाटात असत्या. ‘हा आमचा’ असं म्हणणारा कुणीच नव्हता. अशा अनाथ गोष्टीला बाहेर काढायला तिच्याकडे विकाऊ माल म्हणून पाहणारा माणूस लागतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. कलावंताला नको असलेलं बाहेर आणायचं, त्याचं समर्थन करायचं, मग स्टार-क्लबने काय पाप केलं? हॅरिसनने १९९८ मध्ये लंडनच्या कोर्टात जाऊन स्टार-क्लबच्या टेपविरुद्ध साक्ष दिली आणि बीटल्स तो खटला जिंकले. मला तो निकाल योग्य वाटतो. दारूच्या गुत्त्यात रात्री कुणी काय टिपलं यावर गाणाऱ्याचा काहीच ताबा नसेल तर गाणारा मोकळेपणाने गाणारच नाही. आपल्या खासगी मैफिलींच्या स्पूल आणि कॅसेटींचाही प्रश्न हाच आहे. रसिकांनी त्या जपल्या हे उपकार, पण गवयाच्या मागे त्या विकणाऱ्यांना रसिक म्हणवत नाही. हॉलिवूड बोलची गोष्ट वेगळी अशी की तिथे कंपनीची यंत्रं उघड लावलेली होती, हजारो लोक तिकीट काढून बसले होते, आणि कलावंतांचा मोबदला कुणी बुडवला नाही. त्यांची नापसंती होती ती चवीची. चवीच्या बाबतीत कलावंताचा शब्द वजनदार असतो, पण शेवटचा असावा असं मी मानत नाही. स्वतःच्या तरुणपणाबद्दल माणूस फारसा न्यायी नसतो.

जाता जाता एक योगायोग: ज्या ईएमआयने जानेवारी १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्स या तेव्हाच्या सगळ्यात गोंगाटी बँडला बदनामीला घाबरून काढून टाकलं, त्याच ईएमआयने मे महिन्यात हा बारा-तेरा वर्षांपूर्वीचा गोंगाट दुकानांत मांडला. खडबडीत, घाईचं, कच्चं रॉक लोकांना पुन्हा हवंसं झालं होतं. कंपनीला ते नव्या पोरांकडून घ्यायची छाती नव्हती, जुन्यांकडून चालत होतं.

२०१६ मध्ये या अल्बमचा पुनर्जन्म झाला, आणि पुन्हा एका बाहेरच्या कारणानेच. रॉन हॉवर्डचा ‘एट डेज अ वीक’ हा बीटल्सच्या दौऱ्यांवरचा माहितीपट येत होता. त्याच्या जोडीला अल्बम हवा होता. जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी मूळ तीन ट्रॅकच्या टेप घेतल्या आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत तयार झालेल्या तंत्राने एकमेकांत मिसळलेले आवाज बरेचसे सुटे केले. गिटारी पुढे आल्या, शब्द स्पष्ट झाले, किंकाळ्या मागे गेल्या. चार गाणी वाढली. नाव थोडं बदलून ‘लाइव्ह अ‍ॅट द हॉलिवूड बोल’ झालं, वेष्टणही बदललं. आवाज म्हणून हा नवा अल्बम निःसंशय सरस आहे. बँड किती घट्ट वाजवत होता ते पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याबद्दल जाइल्स मार्टिनचे आभारच मानायला हवेत.

पण त्या दिवशी तिथे बसलेल्या कुणालाही बीटल्स असे ऐकू आले नव्हते. मंचावरच्या चौघांनाही नाही. २०१६ ची आवृत्ती एका न झालेल्या कार्यक्रमाची सुरेख नोंद आहे. १९७७ ची आवृत्ती झालेल्या कार्यक्रमाची ओबडधोबड नोंद आहे. एकीने दुसरीची जागा घ्यावी हे मला मान्य नाही, आणि नेमकं तेच झालं आहे. १९७७ चं मिश्रण अधिकृत सीडीवर आलं नाही ते नाहीच. नव्या आवृत्तीने ते कायमचं निकालात काढलं. बीटल्सच्या प्रत्येक अल्बमची मोनो-स्टीरिओ भेदांसकट पारायणं करणाऱ्या आणि विकणाऱ्या मंडळींनी हे एक मिश्रण तेवढं गाळावं, याला सौंदर्यदृष्टी म्हणत नाहीत.

जुन्या तबकड्यांच्या दुकानात किंवा चोरबाजारातल्या ढिगात मुखपृष्ठावर कार्यक्रमाची दोन तिकिटं छापलेला एलपी दिसला, तर घासाघीस फार न करता घ्या. नवी आवृत्ती मोबाइलवर केव्हाही मिळेल. ती त्यानंतर ऐका.